लाल पुस्तक आणि वहिनींची वही

रेमंड मर्फी यांचे ‘एसेन्शियल ग्रामर इन यूज’ हे इंग्रजी व्याकरणाचे, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९९० मध्ये प्रथम काढलेले लाल मुखपृष्ठाचे पुस्तक आम्ही गेल्या दिवाळीनंतर माझ्या वहिनींसाठी घरी आणले. त्या दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्या असून मुलाच्या शाळेतून येणाऱ्या इंग्रजी सूचना आता त्यांना स्वतः वाचायच्या आहेत. आमच्याकडे २०१५ ची चौथी आवृत्ती आहे. तिच्यात ११५ धडे आहेत आणि प्रत्येक धडा समोरासमोरच्या दोन पानांत संपतो: डावीकडे समजावणी, उजवीकडे सराव. स्वयंपाक आटोपल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या तासात एक धडा पुरा होतो, आणि माझ्या मते या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ ते हेच. शाळेत घोकलेल्या व्याख्या येथे जवळजवळ नाहीत. मात्र समजावणीही इंग्रजीतच असल्यामुळे अगदी नवख्या माणसाला सुरुवातीचे काही आठवडे जवळ कोणीतरी बसावे लागते.

अडचण पहिल्याच धड्यात आली. ‘आय ॲम कोल्ड’ हे वाक्य वाचून वहिनी थांबल्या. मराठीत थंडी ‘मला’ वाजते, भूक ‘मला’ लागते, भीती ‘मला’ वाटते. इंग्रजीत मात्र हे सारे सोसणारा माणूस थेट कर्ता होऊन बसतो. त्यात आपला ‘मी’ म्हणजे त्यांचा ‘आय’ आणि त्यांचा ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, हा घोळ वेगळाच. जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाने हा गुंता सोडवावा, अशी अपेक्षा धरणे गैर आहे. म्हणून आम्ही शेजारी एक वही ठेवली आणि मराठी माणूस जेथे अडखळतो तेवढ्याच जागा तिच्यात टिपल्या.

सर्वाधिक पाने ‘डू’ आणि ‘डझ’ यांनी खाल्ली. आपण ‘ती काम करते’ या वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न तयार होतो; इंग्रजीत तेच काम करणारा शब्द वाक्याच्या तोंडाशी उभा राहतो, आणि ‘वर्क्स’मधला शेवटचा ‘स’ काढून स्वतःकडे घेतो. वहिनी बरेच दिवस ‘डझ शी वर्क्स’ असेच लिहीत होत्या. उजव्या पानावरचे एकसुरी वाटणारे सराव येथे खरे उपयोगी पडले, कारण ही चूक नियम कळल्याने जात नाही, हात वळल्याने जाते. ‘मला माहीत आहे’मधल्या ‘आहे’मुळे तोंडी येणाऱ्या ‘आय ॲम नोइंग’वरही आठव्या धड्यात चांगला उपाय आहे: चालू वर्तमानकाळात न वापरायच्या क्रियापदांची छोटी यादीच तेथे दिली आहे.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांचे प्रकरण निम्म्या पुस्तकानंतर येते. आपल्या भाषेत उपपदेच नसल्यामुळे ते खरे तर अवघड जायला हवे होते, पण वहिनींनी शब्द देवनागरीत लिहून पाहिले आणि निम्मे काम तेथेच झाले. तास या अर्थाचा ‘अवर’ हा शब्द स्वराने सुरू होतो आणि ‘युनिव्हर्सिटी’ हा ‘य’ने, हे इंग्रजी स्पेलिंग जेवढे लपवते तेवढे आपली लिपी लपवत नाही. ‘द’ मात्र अजून सुटलेला नाही.

उणे सांगायचे तर पुस्तक ब्रिटिश इंग्रजीचे असल्याने ‘आय हॅव गॉट’सारख्या रचना वारंवार भेटतात आणि शाळेत नुसता ‘हॅव’ शिकलेला माणूस बुचकळ्यात पडतो. शिवाय हे व्याकरणाचे पुस्तक आहे, संभाषणाचे नव्हे. ते सोडवून बोलता येईल, असे समजून कोणी विकत घेऊ नये. सगळे धडे ओळीने करण्याचीही गरज नाही, कारण कोणता धडा आपल्याला हवा हे ठरवण्यासाठी शेवटी एक चाचणी दिली आहे.

दुकानात मागताना उत्तरांसह असलेलीच प्रत मागावी, कारण उत्तरांशिवायची वेगळी प्रतही मिळते आणि घरी शिकणाऱ्याला तिचा उपयोग नाही. वहिनी सराव पेन्सिलीने सोडवतात. पुस्तक नंतर त्यांच्या धाकट्या बहिणीकडे जायचे आहे. वही मात्र त्या देणार नाहीत, असे त्यांनी आधीच बजावले आहे.