चिरा घ्यावा की वीट?

कोकणात घर बांधायचं तर बाहेरच्या भिंतींसाठी माझं मत चिऱ्यालाच. चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा पायाखाली आहे. वीट बऱ्याचदा घाट उतरून येते, म्हणजे गाडीभाडं आणि तूटफूट दोन्ही आपल्या माथी. शिवाय चिऱ्याच्या दरजा, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या फटी, नीट भरल्या की बाहेरून गिलावा नाही केला तरी भिंत शोभते.

खाणीतून निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागेल तसा कडक होतो. ताजा माल लगेच भिंतीत घालू नका. आणि गाडी रिकामी होताना स्वतः उभे राहा. पिवळट मातीच्या गाठी असलेले चिरे बाजूला काढा. माती पावसात धुऊन जाते, भोक उरतं. आमच्या पडवीत असे दोन गेले, दर पावसाळ्यात तिथेच ओल येते.

आतल्या ४ इंची भिंतींना मात्र वीटच बरी. चिरा जड, जागाही फार खातो. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत वाजल्या पाहिजेत. कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवा. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो माल परत पाठवा.