सेवा क्लबची सभासद होऊन वर्ष उलटलं, त्यानंतरचा अनुभव

सेवा क्लबचं सभासदत्व घ्यावं का, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. प्रश्नाचा रोख बहुधा एकच असतो: तिथे खरंच काम होतं, की नुसत्या भेटीगाठी आणि सत्कार? मला सभासद होऊन वर्ष उलटून गेलंय. एका अध्यक्षांचा कार्यकाळ संपताना पाहिला, दुसऱ्यांचा सुरू होताना पाहिला, आरोग्य समितीत मनापासून राबले. क्लब रोटरीचा, लायन्सचा की किवानिसचा, ते मुद्दाम सांगत नाही. ठरावीक वारी सभा, एका वर्षासाठी निवडलेले पदाधिकारी, समित्या, वर्गणी, वर प्रांत आणि त्याच्याही वर आंतरराष्ट्रीय संघटना, ही चौकट सगळीकडे जवळपास सारखीच आहे. मला जे खटकलं ते एका क्लबातलं आहे, त्याचं खापर अख्ख्या संघटनेवर फुटायला नको.

आधी त्या मूळ प्रश्नाबद्दल. या क्लबांचा इतिहास पाहिला तर भेटीगाठी आधी आल्या आणि सेवा मागाहून आली. रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस हे वकील शिकागोत आले तेव्हा त्या मोठ्या शहरात त्यांचं आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. 23 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी तिघांबरोबर पहिली बैठक घेतली: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकाम अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. पुढे आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमायला लागले. शहरासाठी काही करावं हा विचार नंतर आला, आणि त्यातून उभं राहिलं ते सार्वजनिक स्वच्छतागृह. किवानिसची सुरुवात 1915 मध्ये डेट्रॉइटला झाली तीही धंद्यातल्या देवाणघेवाणीसाठी. लायन्सचे मेल्विन जोन्स विमा व्यवसायातले. आपल्या व्यापारी मंडळाने केवळ धंद्यापुरतं का थांबावं, या विचारातून त्यांनी 1917 मध्ये वेगवेगळ्या मंडळांना एकत्र आणलं.

हे मला ठाऊक नव्हतं तोवर मीही सभेतल्या गप्पांकडे 'कामाआधीचा वेळ' म्हणूनच बघायचे. आता मत वेगळं आहे. ज्या माणसाला तुम्ही महिनोन्‌महिने भेटताय, ज्याच्या घरातली दुखणीखुपणी तुम्हाला माहीत आहेत, त्यालाच तुम्ही रात्री फोन करून म्हणू शकता की उद्या सकाळी गाडी घेऊन या, एका आजींना रुग्णालयात न्यायचंय. आमच्या क्लबात जी कामं खरोखर तडीला गेली, ती सगळी अशा हक्काच्या फोनवर गेली.

प्रवेशाची पद्धत सांगून टाकते. कोणीतरी सभासद तुमचं नाव सुचवतो, तुम्ही काही सभांना पाहुणे म्हणून जाता, संचालक मंडळ मान्यता देतं आणि मग एका सभेत पिन लावून स्वागत होतं. वर्गणीचा एक भाग क्लबाकडे राहतो, बाकीचा प्रांताकडे आणि आंतरराष्ट्रीय संघटनेकडे जातो. म्हणजे वर्गणी ही प्रकल्पासाठीची देणगी नव्हे. प्रकल्पाचा निधी वेगळा उभा करावा लागतो आणि त्यासाठी सभासदांकडे वर्षातून अनेकदा शब्द टाकला जातो. पदग्रहण समारंभ, परिषदा, कार्यक्रम यांचा खर्च आणखी निराळा. हे आकडे आधीच स्पष्ट विचारून घ्या. विचारायला संकोच वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि नीट चाललेल्या क्लबाचा खजिनदार ते आनंदाने सांगतो.

पहिले काही महिने मात्र संथ जातात. हजेरी, मागच्या सभेचं इतिवृत्त, वाढदिवस, सूचना, वक्त्याचं भाषण, आभार, आणि सभा संपली. मला दारावर स्वागताला उभं केलं होतं. सुरुवातीला ते काम किरकोळ वाटलं, पण सगळ्यांची नावं आणि व्यवसाय मला पाठ झाले ते तिथेच. कोण दंतवैद्य, कोण शिक्षिका, कोणाचं विजेच्या कामाचं कंत्राट होतं आणि आता निवृत्त होऊन वेळच वेळ आहे, हे कळल्याशिवाय समितीत काय मागायचं आणि कोणाकडे, हे समजत नाही. एका व्यवसायातला एकच सभासद हा रोटरीतला जुना दंडक आता बराच सैल झालाय. तरी वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं एका टेबलाभोवती बसण्याचा फायदा आजही जाणवतो.

आता कामाचं सांगते, कारण माझं मत बनलं ते तिथेच.

आमच्याकडे दरवर्षी नेत्रतपासणी शिबिर होतं. सेवा क्लब आणि डोळे यांचं नातं जुनं आहे: हेलन केलर यांनी 1925 मध्ये ओहायोतल्या लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्धच्या लढ्यात उतरण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून ते लायन्सचं मुख्य काम झालं. शिबिर भरवणं अवघड नाही. जागा, तपासणारे डॉक्टर, तक्ते, नोंदणीचं टेबल, स्वयंसेवक. वर्षानुवर्षांची घडी बसलेली असते. संध्याकाळी किती जण तपासले हा आकडा अहवालात जातो, छायाचित्रं निघतात.

पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात दृष्टी अधू होण्याची दोन सर्वांत मोठी कारणं म्हणजे चष्म्याने सुटणारा दृष्टिदोष आणि मोतीबिंदू, आणि या दोहोंतही तपासणी ही फक्त पहिली पायरी आहे. चष्मा लागेल असं सांगून चष्मा मिळाला नाही, किंवा मोतीबिंदू आहे असं कागदावर लिहून दिलं आणि शस्त्रक्रिया झालीच नाही, तर त्या माणसाला दिसायचं तेवढंच दिसतं. मी समितीत आले तेव्हा आदल्या शिबिरात शस्त्रक्रियेची शिफारस झालेल्यांची यादी मागितली. यादी होती, पण पुढे कोणाचं काय झालं याची नोंद नव्हती. आम्ही एकेकाला फोन करायला बसलो. काहींची शस्त्रक्रिया झाली होती. जे गेले नव्हते त्यांची कारणं पैशांपेक्षा निराळीच निघाली: सोबत यायला कोणी नाही, डोळ्याला हत्यार लागणार ही भीती, मुलांचा रोज बुडेल हा संकोच. मोफत शस्त्रक्रियेची सोय असूनही माणसं घरीच बसून होती.

म्हणून पुढच्या शिबिरात आम्ही साधा नियम केला. शिफारस झालेल्या प्रत्येक रुग्णामागे एका सभासदाचं नाव लिहायचं, आणि शस्त्रक्रियेनंतरची फेरतपासणी होईपर्यंत तो रुग्ण त्या सभासदाचा. सभासदाने घरी जाऊन भेटायचं, तारीख ठरवायची, न्यायचं, आणायचं, डोळ्यांत थेंब वेळेवर घातले जाताहेत का ते बघायचं. पहिल्यांदा बरीच कुरकुर झाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "ताई, आम्ही शिबिराला उभे राहतो ते पुरे नाही का?" त्यांच्या वाट्याला जे आजोबा आले, ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नकार देऊन बसले होते. हे सभासद आजोबांच्या घरी जाऊन बसले, स्वतःच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची हकीकत सांगितली, दुसऱ्या दिवशी सोबत गेले. आता दुसऱ्या डोळ्यासाठी तारीख आजोबांनी स्वतःच घेऊन ठेवलीय. या एका बदलाने आमच्या शिबिराचा तपासणीचा आकडा खाली आला, कारण जेवढ्यांचा पाठपुरावा जमेल तेवढ्यांनाच आम्ही बोलावलं. अहवालात तो आकडा लहान दिसतो. मला त्याचा अभिमान आहे.

रक्तदान शिबिरांबद्दलही असंच काहीसं आहे, थोडक्यात लिहिते. रक्तातल्या लाल पेशी फार तर 42 दिवस टिकवता येतात, प्लेटलेट जेमतेम 5 ते 7 दिवस. क्लब, मंडळं, संस्था सगळ्यांनी एकाच आठवड्यातले खास दिवस धरून शिबिरं भरवली, तर रक्तपेढीत एकदम साठा होतो आणि नंतर टंचाई. आम्ही रक्तपेढीला विचारून तारीख ठरवायला लागलो. त्यांनी सुचवली ती तारीख समारंभाच्या दृष्टीने अगदी अडनिडी होती, उपस्थितीही बेताचीच झाली, पण रक्त हवं होतं तेव्हा मिळालं.

खटकलेली मुख्य गोष्ट म्हणजे दर वर्षीची खांदेपालट. रोटरी आणि लायन्स दोन्हींत वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं, पदाधिकारी बदलतात. सत्ता कोणाच्या हाती फार काळ राहू नये यासाठी ही पद्धत उत्तम आहे, आणि नव्या माणसाला संधी मिळते. पण प्रत्येक अध्यक्षाला स्वतःच्या नावाचा प्रकल्प हवा असतो, आणि आदल्या वर्षीचं काम पोरकं होतं. आमच्या क्लबाने एका शाळेला पाणी शुद्ध करणारं यंत्र दिलं होतं, समारंभपूर्वक. त्यातल्या गाळणीची नळकांडी ठरावीक मुदतीत बदलावी लागतात, नाहीतर गाळणीतच घाण साठते. नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूदच नव्हती. शाळेने कळवलं तेव्हा मंडळात उत्तर आलं की तो मागच्या वर्षीचा प्रकल्प. मला हे ऐकून संताप आला आणि मी तो बोलूनही दाखवला. मुलं पाणी यंदाच पिताहेत.

तोडगा निघाला तो मावळत्या, चालू आणि येणाऱ्या अशा तिन्ही अध्यक्षांना एकत्र बसवून. आता वस्तू देण्याचा प्रकल्प मंजूर करताना पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च बाजूला काढायचा, असं ठरलंय. त्यामुळे प्रकल्पांची संख्या कमी होईल. होऊ दे.

खांदेपालट असूनही काम लांबपर्यंत नेता येतं, याचा पुरावा जगासमोर आहे. रोटरीने पोलिओ लसीकरणाचं काम 1979 मध्ये फिलिपिन्सपासून हाती घेतलं, 1985 मध्ये त्याला जागतिक मोहिमेचं रूप दिलं, 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह इतरांबरोबर संयुक्त मोहीम उभी राहिली. त्या वर्षी जगात पोलिओचे साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण असल्याचा अंदाज होता. तेव्हापासून हे प्रमाण 99 टक्क्यांहून जास्त घटलंय. इतक्या वर्षांत किती अध्यक्ष आले आणि गेले, पण ध्येय बदललं नाही. मग एका शाळेची गाळणी आपल्याला का सांभाळता येऊ नये, हा माझा मंडळातला मुद्दा होता आणि आजही आहे.

बायकांच्या स्थानाबद्दल लिहायलाच हवं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये निकाल दिला की रोटरी क्लबांना महिलांना सभासदत्व नाकारण्याचा घटनात्मक हक्क नाही, आणि 1989 मध्ये संघटनेच्या नियमांतूनच ती अट गेली. लायन्सनेही 1987 मध्ये महिलांना दार उघडलं. कागदावर हा प्रश्न केव्हाच संपलाय. माझ्या क्लबात मात्र पुष्पगुच्छ देणं, सूत्रसंचालन, पाहुण्यांची बडदास्त ही कामं न विचारता बायकांकडे येत होती, आणि निधी, बांधकाम, वाटाघाटी पुरुषांकडे. आम्ही काही जणींनी हे सरळ मांडलं. यंदा खजिनदार एक बाई आहेत, आणि हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर येतो. बाकी सवयी सावकाश बदलताहेत.

आणि फेलोशिप, म्हणजे सभासदांमधला स्नेह. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा क्लबातली माणसं पाळीपाळीने रात्री रुग्णालयात थांबली. कोणी समिती नेमली नव्हती, कोणी ठराव केला नव्हता. ज्यांच्याशी सभेत माझे खटके उडायचे त्यातलेही दोघं होते. मोठेपणी, नोकरी-संसाराच्या धबडग्यात, नवी जिवाभावाची माणसं जोडली जाणं किती कठीण असतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सभासदत्वाचं मोल वेगळं सांगायला नको. परगावी गेले असताना तिथल्या क्लबाच्या सभेला जाऊन बसले, तिथेही आपलेपणाने स्वागत झालं. त्यांचा एक प्रकल्प पाहून आले आणि त्यांची नोंदवही ठेवायची पद्धत आम्ही उचलली.

याची दुसरी बाजूही आहे. जुन्या मित्रांचा एक गट असतो, तो एकाच कोपऱ्यात बसतो आणि नवा माणूस कडेला राहतो. काही जण फक्त व्यवसायाची कार्डं वाटायला येतात. ते सहसा वर्षभरात गळतात, पण तोवर नव्या सभासदांना कंटाळा आणतात. हजेरीचा धाक आता फारसा नाही. रोटरीने 2016 पासून सभांची वेळ, स्वरूप आणि हजेरी याबाबत क्लबांना पुष्कळ मोकळीक दिलीय. नोकरी करणाऱ्या तरुणांना त्याचा उपयोग होतो. तरीही ज्यांना महिन्यातून दोन संध्याकाळी नियमित काढणं शक्य नाही, त्यांनी सध्या सभासद होऊ नये असं मी म्हणेन. एखाद्या प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून या, क्लब तेही आनंदाने घेतात.

ज्यांचं मन वळतंय त्यांनी सही करण्याआधी दोन-तीन सभांना पाहुणे म्हणून जावं आणि एक गोष्ट जरूर विचारावी: दोन वर्षांपूर्वी केलेला प्रकल्प आज कोणत्या स्थितीत आहे, आणि तो कोण बघतं? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर त्याच्याबरोबर तो प्रकल्प प्रत्यक्ष पाहून या. मी माझं सभासदत्व पुढच्या वर्षासाठी चालू ठेवलंय आणि नेत्रशिबिराची जबाबदारी मागून घेतलीय. यंदाच्या यादीतल्या काही जणांची फेरतपासणी अजून बाकी आहे, ती उरकल्याशिवाय नवी तारीख जाहीर करायची नाही, असं आम्ही ठरवलंय.