बसमधलं घर: सगळे ऋतू काढल्यानंतर

जुनी बस आतून रिकामी करून तिचं घर केलं म्हटल्यावर लोक पहिल्यांदा विचारतात, जागा पुरते का? पुरते. एक जण ओट्याशी असेल तर दुसऱ्याने वाटेत यायचं नाही, एवढं महिन्याभरात अंगवळणी पडतं. सामान कमी करायलाही फार धैर्य लागत नाही. आम्हाला खरं दमवलं ते ओलीने, आणि त्याबद्दल आधी कुणी फारसं बोललं नव्हतं.

दोन माणसं बंद बसमध्ये रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून बरीच वाफ हवेत जाते. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे यांची भर वेगळीच. ही वाफ सर्वांत गार पृष्ठभाग शोधते: खिडकीची काच आणि बसच्या सांगाड्याच्या लोखंडी कमानी. कमानींच्या मधल्या जागेत इन्सुलेशन कितीही भरा, कमान उघडी राहिली की गारठा तिच्यातूनच आत येतो. थंडीत सकाळी भिंतीवरून ओघळ यायचे, गादीची खालची बाजू दमट लागायची. कमानींवरूनही इन्सुलेशनचा थर घेतला, गादीखाली सलग फळीऐवजी पट्ट्या ठोकल्या, तेव्हा बराच फरक पडला. छतातला एक्झॉस्ट फॅन थंडीतही थोडा वेळ चालवावा लागतो आणि खालची एखादी फट उघडी ठेवावी लागते, नाहीतर फॅन नुसताच फिरतो. ऊब बाहेर जाते हे खरं, पण वाफही बाहेर जाते.

उबेसाठी आत गॅसची उघडी शेगडी लावायचा विचार असेल तर सोडून द्या. एक किलो प्रोपेन (एलपीजीतला एक मुख्य वायू) जळलं की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन आतच राहतं, शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा धोका. जळणाला लागणारी हवा बाहेरून घेणारा आणि धूरही बाहेर सोडणारा हीटरच हवा. गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत लावा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो.

पाण्याचा हिशेब लवकर जमला, सांडपाण्याचा उशिरा. दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो वजन वाढतं. ते एकाच बाजूला असलं तर वळणावर जाणवतं. पण मुक्काम किती दिवस टिकणार हे बहुतेक वेळा सांडपाण्याची टाकीच ठरवते. दोन्ही टाक्या सारख्याच मोठ्या घ्या. संडासाबद्दल एवढंच, की लघवी आणि मैला वेगळा ठेवणारा असेल तर वास जवळजवळ येत नाही. रिकामा करायचं काम कुणाचं, हे मात्र राहायला जाण्याआधी ठरवून घ्या!

विजेत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीने निराश केलं नाही. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास म्हणजे साधारण अडीच युनिट. फ्रिज, दिवे, पंखे, लॅपटॉप यांना दिवसभर पुरतात. १८०० वॉटची इंडक्शन शेगडी लावली की बॅटरीतून दीडशे अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचला जातो. तिथे बारीक वायर वापरणं म्हणजे आगीला आमंत्रण. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती बसच्या पोटाखाली न ठेवता आत, पलंगाखाली ठेवली. सलग ढगाळ दिवस आले की सौर पॅनेल छतावरचं ओझं वाटू लागतात. तेव्हा गाडी चालताना अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून, चार्ज होण्याची सोय कामी आली. ती नसती तर फ्रिज बंद करावा लागला असता.

तिरक्या जागेवर बस लावली की कढईतलं तेल एका कोपऱ्यात जातं, कपाटाची दारं आपोआप उघडतात आणि झोपेत डोक्याकडे रक्त उतरल्यासारखं वाटतं. आता जागा बघताना आमचं लक्ष आधी उताराकडे जातं, देखाव्याकडे नंतर.

सवय न झालेली गोष्ट एकच: बस गॅरेजमध्ये गेली की घरही तिच्याबरोबर जातं. ब्रेकचं छोटंसं काम निघालं तरी भांडी, कपडे, पलंग सगळं परक्या आवारात, आणि आपण बाहेर. म्हणून दोन दिवसांच्या कपड्यांची पिशवी दारापाशी कायम भरलेली असते. टायरचंही तसंच. बस महिनोन्महिने उभी राहते, नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वयाने तडकतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बस विकत घेताना इंजिन सगळेच ऐकतात, हे आकडेही वाचा.