‘सॅल्मन-स्टीलहेड’ रॉड, खिळ्यांचे बूट आणि वेडर: सप्टेंबर ते डिसेंबर वापरल्यानंतर

लांबी १० फूट ६ इंच, दोन तुकडे, ६ ते १० पौंडी लाइनसाठी (म्हणजे तेवढा ताण सोसणाऱ्या, गळाच्या दोरीसाठी), आणि दांड्यावर सोनेरी अक्षरांत ‘सॅल्मन-स्टीलहेड’. हा मासेमारीचा रॉड मी सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत न्यूयॉर्क राज्यातल्या सॅल्मन रिव्हरवर, काठावरून वापरला. ही दोन माशांची नावं. त्या सोनेरी अक्षरांपैकी ‘स्टीलहेड’ खरं आहे. ‘सॅल्मन’ गिऱ्हाईक वाढवायला छापलेलं दिसतं. सोबत खिळ्यांचे बूट आणि छातीपर्यंतची वेडर (पाण्यात उभं राहायचा, खाली मोजे जोडलेला जलरोधक पोशाख) घेतली होती, त्यांच्याबद्दलही लिहिते. कारण बजेट मोजकं असेल तर आधी बूट, मग वेडर आणि उरलेल्या पैशांत रॉड, असंच मी कुणालाही सांगेन.

ज्यांना ही नदी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. सिराक्यूजहून ८१ नंबरच्या हायवेने उत्तरेला पाऊण तासावर पुलास्की गाव लागतं. नदी त्याच्या वर, अल्टमारच्या अंगाला असलेल्या धरणाखालून सुटते, पुलास्कीच्या मधून जाते आणि पोर्ट ओंटारिओ इथे ओंटारिओ सरोवराला मिळते. चिनूक (त्याला इथे सगळे किंगच म्हणतात) आणि कोहो हे सॅल्मन मूळचे पॅसिफिकचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची पिल्लं ओंटारिओच्या पाण्यात सोडायला सुरुवात झाली, आणि आज अल्टमारला सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. मासे सरोवरात वाढतात आणि शरदात अंडी घालायला नदीत चढतात. पाणी किती सोडायचं हे धरण ठरवतं, आणि ते क्युसेकमध्येच जाहीर होतं. शरदात किमान ३३५ क्युसेक सोडावेच लागतात. खडकवासल्याचे पावसाळी आकडे ऐकत मोठं झालेल्यांना हे नळ गळतोय असं वाटेल, पण इथे ७५० ला नदी भरल्यासारखी दिसते आणि दीड हजाराच्या पुढे मी तरी पाण्यात पाऊल टाकत नाही. घरून निघण्याआधी हवामानापेक्षा हा आकडा बघा.

आता सप्टेंबर. किंग नदीत शिरला की खाणं जवळपास बंद करतो. त्याच्या तोंडासमोरून काही गेलं तर चिडून किंवा सवयीने चावतो, एवढंच. वजन सहज सात ते अकरा किलो. राज्याचा विक्रमी चिनूक, ४७ पौंड १३ औंसांचा, १९९१ साली याच नदीत लागला होता. असा मासा ६ ते १० पौंडी रॉडवर आला की काय होतं? रॉड मुठीपर्यंत वाकतो, सुरेख कमान होते, फोटो छान येतात आणि मासा जागचा हलत नाही. लवचीक रॉडला माशाचं डोकं वळवण्याइतका कणाच नसतो. मग किंगला कंटाळा येतो आणि तो प्रवाहाबरोबर सरोवराकडे सुटतो.

एकटे असता तर हरकत नव्हती. पण सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुलास्कीतल्या दोन पुलांच्या दरम्यान माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. ‘फिश ऑन!’ अशी हाळी दिली की खालच्या बाजूचे सगळे आपापल्या लाइन उचलून वाट देतात. हा इथला शिष्टाचार आहे आणि तो कटाक्षाने पाळला जातो. पण पाच मिनिटांत आटपायची झटापट तुम्ही वीस मिनिटं लांबवली, तर तेच लोक पुढच्या वेळी लाइन उचलताना तोंड वाकडं करतात, आणि मला त्यात त्यांची काही चूक दिसत नाही. माझ्या शेजारी ८ फुटी जाड रॉड आणि २० पौंडी लाइन घेऊन उभा असलेला एक आजोबांच्या वयाचा गृहस्थ दोन किंग काठावर घेऊन मोकळा झाला, तेव्हा मी पहिल्याच माशापुढे उभी होते. शेवटी रॉडचं टोक थेट माशाकडे धरलं, रीलवर (लाइन गुंडाळायच्या फिरकीवर) तळहात दाबला आणि लाइन तोडली. वाकलेल्या रॉडने लाइन तोडायला जाऊ नका, रॉडच तुटेल.

आणखी एक. गळ तोंडात लागला तरच मासा तुमचा. पाठीत, शेपटीत, पोटात रुतला तर लगेच सोडायचा, असा कायदा आहे. नदीत मासे दाटलेले असताना ते वाटतं तितकं सोपं नसतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इथे मासा कुठेही आकडा घालून ओढणं कायदेशीर होतं आणि जुन्या मंडळींपैकी काहींच्या मनगटातून ती सवय अजून गेलेली नाही. लांब रॉडने आमिष तळाजवळून हळू, सरळ रेषेत नेता येतं, त्यामुळे असे चुकीच्या जागी रुतणारे गळ कमी होतात. किंगच्या बाबतीत या रॉडचा मला दिसलेला एवढाच फायदा.

ऑक्टोबर अर्धा सरला की चित्र पालटतं. किंग अंडी घालून मरायला लागतात, गर्दी पांगते आणि त्यांच्या मागोमाग स्टीलहेड चढतात. स्टीलहेड म्हणजे सरोवरात वाढून नदीत परतणारा रेनबो ट्राउट. हा अंडी घालून मरत नाही, आणि मुख्य म्हणजे नदीत आल्यावरही खातो. किंगची मादी खडीत खड्डा करून अंडी घालते. त्यातली काही प्रवाहात सुटतात आणि स्टीलहेड थोडा खालच्या बाजूला तोंड वासून थांबलेला असतो. म्हणून आमिष म्हणजे ८-१० मिलिमीटरचा नारिंगी मणी, किंवा सॅल्मनची अंडी जाळीच्या बारीक कापडात बांधून केलेली पुरचुंडी. या पुरचुंड्या आमच्या स्वयंपाकघरात बांधल्या जातात. फ्रीजमधला प्रत्येक नारिंगी डबा उघडण्याआधी नवरा आता विचारतो, ‘हे खायचं आहे की नदीचं?’

साडेदहा फुटांचे पैसे इथे वसूल होतात. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा वेगाने जातं. लाइन पाण्यावर पडली की प्रवाह तिचा मधला भाग पुढे ओढतो, ती फ्लोटला (आमिषाच्या वर पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला) खेचते, फ्लोट आमिषाला खेचतो, आणि तळाशी बसलेल्या माशाला पळत सुटलेलं अंडं दिसतं. त्याच्या मागे तो जात नाही. लांब रॉड उंच धरला की फ्लोटपर्यंतची बहुतेक लाइन हवेत राहते. जमलंय की नाही याची खूण सोपी आहे: फ्लोटच्या शेजारून जाणारा फेस बघा. फेस पुढे निघून गेला आणि फ्लोट किंचित रेंगाळला तर आमिष तळाच्या चालीने चाललंय. दोन्ही बरोबरीने निघाले तर शिसं कमी आहे किंवा खोली चुकली आहे. शिशाचे बारीक मणी फ्लोटखाली एकाच जागी चिकटवू नका, अंतराअंतराने लावा, गळाकडे येताना वजन हलकं करत. लीडर, म्हणजे गळाजवळचा शेवटचा बारीक धागा, ८ पौंडी फ्लुरोकार्बन. पाणी नितळ असेल तर ६ पौंडी.

ट्रेसल नावाच्या नदीवरच्या जागेच्या खालच्या बाजूला नोव्हेंबरमध्ये लागलेला एक मासा सांगते, कारण रॉड काय करतो ते त्यात नीट दिसलं. फ्लोट दगडाला अडकल्यासारखा जरासा थांबला, एवढंच. मी मनगट उचललं तेव्हा दोन थरथरी आल्या आणि पुढच्या क्षणी चंदेरी मासा पाण्याबाहेर, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पलीकडच्या काठाजवळ. प्रत्येक उडीला ६ पौंडी लीडर तुटायला हवा होता. तो धक्का रॉडच्या वरच्या अर्ध्या भागाने खाल्ला. माझ्या हाताला नुसता जोर कळत होता, हिसका नाही. तोच लवचीकपणा किंगपुढे निरुपयोगी होता. मासा जाळ्यात घेतला, पाण्यातच ठेवून गळ काढला आणि सोडला. २०१४ च्या शरदाअखेर याच नदीत बरेच स्टीलहेड मेले होते. कारण निघालं ब१ जीवनसत्त्वाची कमतरता: ते ज्या अलवाइफ माशांवर जगतात, त्यांच्या शरीरात हे जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. ते वाचल्यापासून मी मासा फोटोसाठी हवेत धरत नाही. ठेवायचा असेल तर नियम बघा, या नदीत स्टीलहेड २५ इंचांहून लहान ठेवता येत नाही. खायचा असेल तर राज्याच्या आरोग्य खात्याचा ओंटारिओच्या माशांबद्दलचा सल्लाही वाचा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

रॉडच्या तक्रारी. रील धरणाऱ्या कड्या कॉर्कवर नुसत्या सरकवून बसवायच्या आहेत. थंडीत त्या ढिल्या होतात आणि ऐन मासा लागलेला असताना रील हातात फिरतं. इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली की प्रश्न मिटतो, पण एवढ्या किमतीच्या वस्तूला टेप का लावावी लागावी? दोन तुकड्यांचा सांधा नोव्हेंबरपर्यंत सैल झाला. मेणबत्ती घासून चालवला. डिसेंबरमध्ये टोकाच्या गाइडमधली (लाइन ज्यातून ओवतात त्या रॉडवरच्या वळ्यातली) सिरॅमिकची चकती निघून पडली आणि उरलेली धातूची कड लाइन कापायला लागली. कंपनीला कळवलं, तर ‘रॉड पाठवा, पाठवण्याचा खर्च तुमचा’ असं उत्तर आलं. एवढा लांब खोका पाठवण्याच्या पैशात टोकाचे कितीतरी नवे गाइड येतात, तेव्हा गरम गोंदाने घरीच बसवला. शिवाय झाडी. वरच्या बाजूला, पाइनव्हिलच्या आसपास, फांद्या डोक्यावर येतात आणि साडेदहा फूट उचलायला जागाच नसते. आणि तुकडे केले तरी सव्वापाच फूट. आमच्या गाडीत मागची सीट आडवी केल्याशिवाय मावत नाही.

तापमान शून्याखाली गेलं की गाइडमध्ये बर्फ धरतो. ओठांना लावायचा बाम गाइडला चोळून ठेवला की थोडा वेळ बरं चालतं, पण बर्फ रॉड आपटून काढू नका. गाइड पाण्यात बुडवून विरघळू द्या. विणलेली ब्रेड लाइन पाणी पिते आणि दोरीसारखी कडक होते, थंडीत साधी एकपदरी नायलॉनची मोनो बरी. रीलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सुटू देणारा ब्रेक) अडखळता कामा नये आणि लाइन जिथून वळते तो रोलर गोठलाय का, हे अधूनमधून बोटाने फिरवून बघावं.

बूट मात्र या सगळ्या खरेदीतली सर्वांत चांगली वस्तू निघाली. पुलास्की गावातला नदीचा तळ म्हणजे सपाट कातळ आणि त्यावर शेवाळ. साध्या रबरी तळाचे बूट घालून तिथे उतरणं म्हणजे आंघोळीची तयारी. कार्बाइडच्या टोकांचे खिळे कातळात चावतात, पाऊल टाकलं की तो करकर आवाज पायातून ऐकू येतो आणि तेवढ्याने धीर येतो. फेल्टचा (नमद्यासारख्या दाबलेल्या कापडाचा) तळही पाण्यात चांगला धरतो असं म्हणतात, पण इथल्या टग हिल पठाराच्या पायथ्याशी बर्फ पडायला लागला की फेल्टखाली त्याचे गोळे जमतात आणि माणूस उंच टाचांवर चालल्यासारखा पार्किंगपर्यंत जातो. चार महिन्यांत खिळ्यांची टोकं थोडी झिजली, पडला एकही नाही. वाळूच्या काठाने चालताना ते निरुपयोगी आहेत, आणि गाडीच्या पेडलवर तर अजिबात नकोत.

वेडर श्वास घेणाऱ्या कापडाची आहे. सप्टेंबरच्या उन्हात आत घाम येत नाही, डिसेंबरमध्ये आतून दोन थर लोकर घालावे लागतात. मी पुरुषांची ‘स्मॉल’ न घेता बायकांच्या मापाची घेतली आणि तो फरक खरोखर मोठा आहे. पुरुषांच्या मापात कंबरेला जास्तीचं कापड आणि खाली मोज्याच्या भागात कापडाची घडी, असा कारभार होतो; बुटात ती घडी दोन तासांत फोड आणते. माझी उंची पाच फूट दोन इंच, आखूड पायांचं माप मागून घ्यावं लागलं. बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घ्या, कारण आत निओप्रिनचा मोजा आणि लोकरीचा मोजा दोन्ही येतात. कंबरपट्टा वेडरबरोबर येतो, तो घट्टच आवळा. पाय घसरून पडलात तर पाणी आत भरायला वेळ लागतो.

नोव्हेंबरअखेर उजव्या मांडीच्या आतल्या शिवणीतून पाणी झिरपायला लागलं. दोन्ही पाय चालताना तिथे घासतात, त्यामुळे याच जागी पहिली गळती होणार हे धरूनच चला. भोक शोधायची युक्ती: वेडर उलटी करून आतून रबिंग अल्कोहोल फवारा, जिथे गळती आहे तिथे गडद ठिपका उमटतो. त्यावर वेडरसाठीचा युरेथेन गोंद बोटभर लावून रात्रभर वाळू दिला, तेव्हापासून पाय कोरडे आहेत. घरी आल्यावर वेडर आधी आतून वाळवा, मग बाहेरून. मोज्याचा भाग सुकायला दीड-दोन दिवस लागतात, आणि ओली गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवली तर चौथ्या दिवशी डिकी उघडवत नाही.