फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख शिकवणारं ॲप: वर्षाचे पैसे भरून आलेला अनुभव

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण पैसे परत मागण्याचं प्रकरण अजून चालू आहे. तसं ते जाहिरातींमुळे सगळ्यांच्या ओळखीचं आहे, म्हणून धडे कसे उघडतात, गुण कसे मिळतात, रोजच्या सरावाची साखळी तुटली की काय होतं, हे सांगत बसत नाही. दिवाळीच्या सवलतीत वर्षाचे साडेतीन हजार एकरकमी भरले. ऑफिसच्या कामात फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या मंडळींशी रोज बोलणं असतं, शिवाय जमलं तर देल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए-वन, म्हणजे सुरुवातीची पातळी द्यायची होती. फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख करून देता येईल, हे ॲपचं पहिलंच आश्वासन.

ओळख पाठ झाली, हे मान्य. बोंजूर, झ मापेल अमुक, झाबीत आ पुणे, झ स्वी कोंताब्ल: नमस्कार, माझं नाव अमुक, मी पुण्यात राहते, मी अकाउंटंट आहे. आवाज खऱ्या माणसांचे आहेत आणि ते उत्तम आहेत. माझं वय एकोणचाळीस. सुटा आकडा त्राँत-नफ, पण पुढे ‘आँ’ (वर्षं) आलं की त्या फ चा व होतो आणि ‘झे त्राँत-नवाँ’ ऐकू येतं. पुस्तकात ही गोष्ट डोळ्यांनी कधीच कळली नसती, कारण लिहिताना अक्षर बदलत नाही. हळू ऐकण्याचं बटण दाबून दाबून हे कानात बसलं.

पण नाव नोंदवताना ॲपने वय, हेतू, रोजची वेळ असं सगळं विचारलं आणि मी बाई आहे की पुरुष हे विचारलंच नाही. त्यामुळे कितीतरी दिवस ‘झ स्वी आँदियाँ’ (मी भारतीय आहे) घोटून घेतलं. बाईने ‘आँदिएन’ म्हणायचं असतं. माइकपुढे दोन्ही म्हणून पाहिलं, दोन्हीला हिरवी खूण मिळाली. शिवाय समजावणी सगळी इंग्रजीतून, म्हणून ‘तु’ आणि ‘वू’ यांतल्या फरकावर पानंच्या पानं. तू आणि तुम्ही हे लहानपणापासून तोंडात असलेल्या माणसाला एक ओळ पुरली असती. त्यातही संवाद सगळे ‘तु’चे. दुकानात, परीक्षकासमोर, अनोळखी मोठ्या माणसाशी ‘वू’च लागतं.

आता मुख्य तक्रार. मला ती फार मोठी वाटते. या ॲपच्या ओळखीच्या सगळ्या धड्यांत आपल्या नावाची अक्षरं फ्रेंचमध्ये सांगायला कुठेही शिकवलेलं नाही.

माझं आडनाव गायकवाड. ल्योंच्या माणसाला मार्ताँ हे आडनाव नुसतं ऐकून लिहिता येतं, फ्रान्समध्ये ते सगळ्यांत जास्त आढळणारं आहे. गायकवाड, देशमुख, वाघ, भोसले ऐकून त्याला काहीच अंदाज बांधता येत नाही. म्हणून आपण नाव सांगितलं की त्याचा पहिला प्रश्न येतो, ‘वू पुवे एपले?’ म्हणजे अक्षरं सांगता का. आणि इथे इंग्रजी मुळाक्षरांची सवय उलटते. इंग्रजीतल्या जी ला फ्रेंच लोक झे म्हणतात आणि जे ला झी. मी गायकवाडचा जी इंग्रजी पद्धतीने सांगितला, तर तो ‘जे’ लिहिणार. तसंच आय ला ते ई म्हणतात, आणि आपल्या इंग्रजी ई ला ओठ गोल करून ‘अ’सारखं काहीतरी. देशपांडेंनी इंग्रजीतला ई सांगितला की कागदावर आय उमटणार. एच म्हणजे आश, डब्ल्यू म्हणजे दूब्ल-वे, वाय म्हणजे ई-ग्रेक, के म्हणजे का. एकच अक्षर दोनदा असेल तर आधी ‘दो’ म्हणायचं. मराठी नावांत एच तर पावलोपावली. ही सगळी माहिती एका पानात मावते. मला ती हवी होती पहिल्या आठवड्यात. ल्योंच्या ऑफिसने फोनवर विचारून माझा प्रवेशपास बनवला, त्यावर आडनावाचं पहिलं अक्षर ‘जी’ऐवजी ‘जे’ होतं.

फोन नंबरचंही तेच. फ्रेंच माणूस दहा आकडी नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतो. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे पहिलीच जोडी साठ ते नव्व्याण्णवमधली. फ्रान्समधलं अवघड मोजणं नेमकं तिथेच आहे. अठ्ठ्याण्णव म्हणजे कात्र-वँ-दीझ-वीत: चार वीस, दहा, आठ. माझी आजी ऐंशीला ‘चार विसा’ म्हणायची, म्हणून मला ते परकं वाटलं नाही. स्वित्झर्लंड आणि बेल्जियममध्ये नव्वदसाठी नोनाँत असा सरळ शब्द आहे. वयाचं वाक्य सोडलं तर ओळखीच्या धड्यात ॲप विसावर थांबतं. त्यात एकाही भारतीयाला आपला नंबर सांगता येणार नाही.

इथवरचं वाचून एकच तारा देईन असं वाटेल. मध्यंतरी माझं मत बदललं होतं, तेही लिहिते. वार्षिक योजनेत दर महिन्याला शिक्षकाशी थेट बोलण्याचा एक तास होता. मला सेनेगलमधल्या डाकारहून बोलणाऱ्या एक बाई मिळाल्या. मी पाठ केलेली ओळख सुरू केली. त्यांनी दुसऱ्याच वाक्याला थांबवून ‘एपले’ विचारलं, मग नंबर, मग घरी कोण कोण असतं. अक्षरं त्यांनीच माझ्याकडून घोटून घेतली आणि ‘आँदिएन’ही त्यांनीच सुरुवातीला दुरुस्त केलं. ओळख म्हणजे समोरच्याच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं असतात, हे त्या एका तासात समजलं. देल्फ ए-वनच्या तोंडी परीक्षेचा पहिला भागही असाच असतो: साधारण मिनिटभर परीक्षक विचारतो, आपण सांगतो. पूर्ण तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांची, २५ गुणांची. एकूण १०० पैकी ५० मिळाले की उत्तीर्ण, पण ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत प्रत्येकी किमान ५ हवेत. पाठ केलेला उतारा प्रश्न बदलला की तुटतो. त्या तासांसाठी मी चार तारे दिले असते.

आणि तेच तास ॲपने वर्ष संपायच्या आत वरच्या, जवळपास दुप्पट किमतीच्या योजनेत हलवले. ज्या गोष्टीसाठी पैसे वसूल होत होते, तीच काढून घेतली. मी उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले. मदत विभागाकडून एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतोय, वेगवेगळ्या नावांनी सही केलेला. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवली. साडेतीन हजारांसाठी एवढं कशाला, असं घरचे म्हणतात. पैसे भरताना जी योजना दाखवली ती वर्षभर द्यायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

ज्यांना अगदी सुरुवात करायची आहे त्यांनी महिन्याची योजना घ्यावी, आवाज आणि हळू ऐकण्याच्या बटणासाठी. वार्षिक घेऊ नये. टीव्ही-सँक-मोंद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर ए-वनचे व्हिडिओ आणि सराव फुकट आहेत, आणि देल्फ घेणाऱ्या फ्राँस एद्युकास्यों आँतेरनास्योनालच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका मिळतात. अक्षरं आणि साठच्या पुढचे आकडे आधी शिका. मग घरातल्या कुणालाही तुमचं नाव, नंबर, वय उलटसुलट क्रमाने विचारायला बसवा, त्यांना फ्रेंच येत नसलं तरी प्रश्न कागदावरून वाचता येतात.

आवाजाला चार तारे, ओळखीच्या धड्यांना दोन, मदत विभागाला शून्य, मिळून दोन. आपोआप पैसे कापण्याची परवानगी मी बँकेतून रद्द केली आहे. ज्यांची वार्षिक योजना दिवाळीत संपतेय त्यांनी बँकेचे मेसेज बघत राहा, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते आणि तेवढ्या वेळात तुम्हालाही ती रद्द करता येते.