एकच मैफल, तीन सीडी: पुनर्प्रकाशित ऑर्केस्ट्रा ऐकल्यानंतर

सांगलीत बसून कोणी बेथोव्हनच्या सीडी विकत घेतो म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "यूट्यूबवर फुकट मिळतं की ओ!" मिळतं. पण त्यात कुठली प्रत वाजतेय ते कळत नाही, आणि या नादात सगळी गंमत प्रतीतच आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं तेच ध्वनिमुद्रण दर काही वर्षांनी 'नव्याने रीमास्टर' (म्हणजे जुन्या टेपवरून आवाज पुन्हा साफसूफ करून) असा शिक्का मारून बाजारात येतं. असे संच गेले कित्येक महिने मी जोड्या लावून ऐकतोय. साधा सीडी प्लेअर, मध्यम ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर, शेल्फवर मावणारे स्पीकर. घर विश्रामबागेत, डोक्यावर पंखा.

पंख्याचा उल्लेख उगाच नाही. कार्लोस क्लायबर या कंडक्टरने (वाद्यवृंद चालवणाऱ्याने) व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेल्या बेथोव्हनच्या पाचव्या (१९७४) आणि सातव्या (१९७५-७६) सिंफनी डॉइच ग्रामोफोन कंपनीच्या 'ओरिजिनल्स' मालिकेत एकाच सीडीवर आहेत. सीडीचा चेहरा जुन्या एलपीसारखा छापलाय, तो लाड मला आवडतो. पाचवीत तिसरी मूव्हमेंट (सिंफनीचा एक भाग) चौथीत शिरते त्या जागी टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचे, अगदी दबके ठोके पडत राहतात, वर व्हायोलिनं चाचपडत चढतात आणि मग एकदम सगळा वाद्यवृंद उसळतो. एप्रिलमध्ये पंखा चालू ठेवला की ते ठोके गायब. आवाज वाढवला, तर पुढच्या क्षणी शेजारचे काका गॅलरीत येऊन "वरात आली काय?" म्हणून विचारतात. ही सीडी थंडीतच ऐकावी. तेव्हा कळतं की क्लायबरने पहिली आणि दुसरी व्हायोलिनं समोरासमोर, डावी-उजवीकडे बसवली आहेत आणि दोघांची सवाल-जबाबाची लढत चालू आहे. सातवीच्या दुसऱ्या मूव्हमेंटच्या अगदी शेवटी बहुतेक कंडक्टर गजाने वाजवून घेतात, क्लायबर बोटांनी तारा छेडून घेतो. तेवढ्यासाठी मी ती मूव्हमेंट पुन्हा लावतो. या सीडीत मला खोट काढता आली नाही. व्हायोलिनं किंचित कडक वाटतात, पण तो माझ्या स्पीकरचाही गुण असेल.

खरी तुलना रंगली ती जर्मन कंडक्टर फुर्टव्हेंगलरने वाजवून घेतलेल्या बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीत. २९ जुलै १९५१ ला, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतला बायरॉइट संगीत महोत्सव पुन्हा सुरू झाला त्या दिवशीची ही मैफल. फुर्टव्हेंगलर १९५४ मध्ये गेला आणि एचएमव्हीने ती १९५५ मध्ये एलपीवर आणली. तीच पुढे ईएमआय कंपनीच्या सीडींवर येत राहिली. कित्येकांच्या मते नवव्या सिंफनीचं हेच पहिलं नाव. पण २००८ च्या सुमारास ऑर्फेओ कंपनीने बव्हेरियन रेडिओच्या संग्रहातली टेप सीडीवर आणली आणि वाजवणं बऱ्याच जागी वेगळं निघालं. वाद पेटला: यातली मैफल कुठली आणि तालीम कुठली? २०२१ मध्ये स्वीडनच्या बिस कंपनीने आपल्या देशाच्या रेडिओने त्या संध्याकाळी थेट प्रक्षेपणातून उतरवून घेतलेली टेप काहीही न कापता छापली. सुरुवातीची निवेदनं, शेवटच्या टाळ्या, सगळं तसंच. ती ऑर्फेओशी जुळली. म्हणजे ज्या प्रतीला जग मैफल समजत होतं, त्यात तालमीचे तुकडे बरेच जोडलेले होते.

मला तिन्ही हव्या होत्या, तिन्ही घेतल्या. ईएमआय कानाला सर्वांत गोड. गायक जवळ, कोरस भरीव. पण ऑर्फेओ लावली की तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये सभागृह ऐकू येतं. कुणीतरी खोकतो, खुर्ची करकरते, आणि त्या कुजबुजत्या पोकळीत व्हायोलिनं अलगद तरंगतात. बिसचा आवाज तिघांत पातळ, टेपची सळसळ सर्वांत जास्त. पण संध्याकाळ सलग उलगडते, मध्ये कुणी कात्री लावलेली नाही. शेवटच्या पानावर फुर्टव्हेंगलर वाद्यवृंदाला इतका पळवतो की सुरांची नुसती धूळ उडते. नीटनेटकं ऐकायची सवय असेल तर चिडचिड होईल. मला तो वेडेपणाच पाहिजे असतो.

इथे एक चौथी सीडीही होती, स्वस्तातली. युरोपात तेव्हाच्या नियमाने पन्नास वर्षांनी रेकॉर्डिंगचा हक्क सुटायचा. पुढे मुदत सत्तरवर नेली, पण आधीच सुटलेली परत बांधली गेली नाहीत. त्यामुळे १९५१ ची मैफल कुणीही छापू शकतो आणि बरेच जण जुन्या एलपीवरूनच उतरवून घेतात. या चौथीत खरखर शून्य. मिरजेहून तंबोरे करणारा एक मित्र आला होता. त्याला ऑर्फेओ आणि ही, दोन्ही न सांगता लावून दाखवल्या. दुसरी सीडी दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "ह्याची जवारी बंद केलीया. सूर हाय, पर बोलत न्हाई." जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा गुंजणारा नाद. मिरजेत तारांखालच्या घोडीवर कानस मारता मारता आयुष्य गेलेला माणूस, त्याने बरोबर नस पकडली. सळसळ काढायच्या नादात वरच्या कंपनांची साय निघून जाते, मग बासरी आणि क्लॅरिनेट जवळजवळ सारखेच वाजतात. म्हणून वेष्टनावर 'नॉइज रिडक्शन' मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं की मी आता लांबूनच नमस्कार करतो.

उलट मर्क्युरी कंपनीच्या 'लिव्हिंग प्रेझेन्स' मालिकेच्या सीडी बिनधास्त घ्याव्यात. मूळ स्टिरिओ रेकॉर्डिंगं तीन मायक्रोफोनवर, तीन ट्रॅकमध्ये केलेली. नव्वदच्या दशकात त्यांचे दोन ट्रॅक करून सीडीवर आणायचं काम विल्मा कोझार्ट फाइन यांनी स्वतः केलं. मूळ रेकॉर्डिंगांच्या वेळीही त्याच होत्या. आधी आवाज काय होता हे माहीत असलेला माणूस मशीनपाशी बसला की फरक पडतोच.

संगीतकार रिचर्ड श्ट्राउसच्या 'झरथुष्ट्रा' या वाद्यवृंदाच्या रचनेच्या दोन प्रती आलटून पालटून ऐकल्या. कंडक्टर फ्रिट्झ रायनरची शिकागोतली, मार्च १९५४ ची. स्टिरिओ नुकतं बाळसं धरत होतं, आणि तरी ही ऐका! दुसरी आपल्या झुबिन मेहतांची, लॉस एंजलिस फिलहार्मोनिकबरोबर १९६८ ची, डेक्का कंपनीची. मेहतांचा ऑर्गनचा खर्ज खिडकीच्या काचा हलवतो, पितळी वाद्यं झळाळतात. पाहुण्यांना ऐकवायची तर हीच. पण पुढचा अर्धा तास ऐकायचा असेल तर रायनर. तिथे कुणी कुणावर ओरडत नाही आणि तरी प्रत्येक वाद्य आपल्या जागी दिसतं.

आता जरा रडगाणं. परदेशातून मागवलं की टपाल आणि कस्टम मिळून कधी कधी सीडीच्या किमतीला येऊन भिडतात. डबा फुटून येणं तर नेहमीचंच. डबा बदलता येतो, पण कडेला चिकटवलेली कागदाची पट्टी फाटली की जीव जातो. जुन्या जाड, दोन-तीन सीडींच्या डब्यांत फोमचा पातळ तुकडा असतो, तो आधी काढून फेका. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो चिकट होतो आणि सीडीच्या छपाईला धरतो. आणि तळमजल्यावर काही ठेवू नका. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या एका परिचितांकडच्या एलपी धुऊन वाचल्या, कव्हरांचा मात्र लगदा झाला.

एकच घ्यायची असेल तर क्लायबर. नववीसाठी आधी ऑर्फेओ, आवडली तर मग ईएमआय. बिस ही माझ्यासारख्या खाजवून खरूज काढणाऱ्यांसाठी आहे.