ट्रेलरची हिच हिवाळाभर काढून ठेवली: वापरानंतरचा अनुभव

माझ्या ट्रॅव्हल ट्रेलरला वजन वाटून देणारी हिच आहे, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणारी आणि त्याचा भार गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारी जोडणी. ट्रेलर ज्यावर बसतो तो २ ५/१६ इंची बॉल, बॉल आणि बार धरणारं भलतंच जड हेड, भार वाटणारे दोन स्प्रिंग बार, आणि ट्रेलरचं डोलणं आवरायला घर्षणावर चालणारा एक वेगळा बार. पहिल्या बर्फाच्या आधी ट्रेलर उभा राहतो तो बर्फ वितळेपर्यंत हलत नाही. गाडी मात्र हिवाळाभर मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून रोज फिरते. त्यामुळे मोसम संपला की हिच गाडीतून काढायची, धुवायची, पुसायची आणि आत ठेवायची, असं मी करत आलोय. हा अनुभव त्या सगळ्या खटाटोपाचा आणि त्यात वापरलेल्या ग्रीस, स्प्रे आणि कव्हरचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. हिच काढून ठेवणं पूर्ण पटलं. ग्रीस आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी ठिकाणी लागतं. आणि प्लास्टिकचं कव्हर घेऊ नका.

शँक, म्हणजे हिचचा गाडीत घुसणारा दांडा, गाडीच्या रिसीव्हरमध्येच (मागच्या चौकोनी नळीत) राहू दिली, तर दोन्ही पोलादी पृष्ठभागांमधल्या फटीत खारं पाणी शिरतं आणि तिथेच मुरतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते. फट आधीच जेमतेम, त्यात तो गंज दाटून बसला की शँक रिसीव्हरमध्ये अशी अडकते की घणाचे घाव घालूनही जागची हलत नाही. काढून ठेवली की हा प्रश्नच उरत नाही. रिकाम्या रिसीव्हरला रबरी बूच लावतो, पण त्याआधी आतून वायर ब्रश फिरवतो. बुचाने पाणी पूर्ण अडत नाही, चिखल आणि मिठाचा मारा मात्र बराच कमी होतो.

काढल्यावर पहिलं काम साध्या पाण्याने धुणं. हे टाळून थेट स्प्रे मारणारे पुष्कळ आहेत. पण साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि बर्फ वितळवायला वापरतात ते कॅल्शियम क्लोराइड तर त्याहून खूप कोरड्या हवेतही ओलं राहतं. वर तेलाचा थर दिला आणि खाली मीठ तसंच राहिलं, तर गंज त्या थराखाली निवांत चालू राहतो. म्हणून धुणं, फडक्याने पुसणं, आणि एक-दोन दिवस उघड्या हवेत सुकू देणं. बॉल माउंटच्या (बॉल बसवतात त्या भागाच्या) भोकांमध्ये पाणी साचतं, तिथे फडक्याचं टोक घालून पुसावं लागतं.

आता ग्रीस. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण ‘हिवाळ्यासाठी ठेवायची’ म्हटलं की माणूस डबा उघडून दिसेल तिथे फासत सुटतो. हेडमध्ये स्प्रिंग बार जिथे बसतात आणि फिरतात त्या खोबणी, आणि ग्रीस निपल (ग्रीस आत भरायची तोंडं) असतील तर ते: इथे ग्रीस हवंच. पण आधी जुनं पूर्ण काढून. जुन्या काळ्या ग्रीसमध्ये मोसमभराची वाळू असते, आणि त्यावर नवीन चोपडलं की तयार होते घासायची पेस्ट. मी चिंधी आणि थोडं रॉकेल घेऊन ते काढतो, काम घाणेरडं आहे, पण फरक लगेच कळतो. बार हाताने फिरवला की खरखर येत नाही.

घर्षणाच्या बारला मात्र तेलाचा थेंबही लागता कामा नये. त्याचं काम अस्तर आणि पट्टी एकमेकांना घासण्यावरच चालतं. एकदा तेल मुरलं की अस्तर बदलावं लागतं. हा बार मी कोरडा पुसून, हँडल सैल सोडून, वेगळ्या कापडात ठेवतो. हँडल आवळलेलं ठेवलं तर अस्तर पट्टीला चिकटून बसायची भीती असते. काही कपलरच्या (ट्रेलरच्या टोकाच्या, बॉलवर बसणाऱ्या भागाच्या) आतच घर्षणाचे पॅड असतात, तसल्या कपलरसाठी बॉलही कोरडाच हवा. माझा कपलर साधा आहे, त्यामुळे माझ्या बॉलला पातळ थर चालतो. तुमचा कोणता ते उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा, दुसऱ्याचं ऐकून नको.

उरलेल्या उघड्या पोलादावर, म्हणजे शँक, बारची टोकं, पिन आणि क्लिप, मी लॅनोलिनचा गंजरोधक स्प्रे मारतो. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट भाग, आणि वासही तसाच येतो. घरातल्यांना तो आवडत नाही, मला चालतो. पाणी हटवणारे पातळ स्प्रे उडून जातात, हिवाळाभर टिकत नाहीत. ते अडकलेला नट सैल करायला उत्तम, पण साठवणीसाठी त्यांच्यावर भरवसा नको. लॅनोलिनचा थर मात्र बर्फ वितळेपर्यंत बोटाला चिकट लागतो. दोष एवढाच की धूळही चिकटते.

साफ केलेली हिच हातात असते तेव्हाच ती तपासायची. बॉलला कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) दोन दिशांनी लावा, पुढून-मागून आणि आडवा. ओढताना-थांबताना भार पुढून-मागून येतो, त्यामुळे झिजही त्याच दिशेला जास्त दिसते. दोन मापांत फरक पडू लागला की बॉल लंबगोल होतोय. वेल्डिंगची जागा बघताना टॉर्च तिरकी धरा. रंगावर केसासारखी बारीक तपकिरी रेघ दिसली आणि तिच्यातून गंज खाली ओघळलेला असला, तर तो वरवरचा गंज नसून तडा असू शकतो. तिथे पॉलिश पेपर मारून, रंग लावून मोकळं होऊ नका. रंग खरवडा, आतलं लोखंड उघडं करा, शंका राहिली तर वेल्डरला दाखवा. माझ्या हेडवर निघाला तो वरचाच गंज होता: घासला, झिंकचा प्रायमर दिला, रंग दिला.

ठेवायची जागा ही हिचच्या देखभालीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. उबदार गॅरेज बरं, असं वाटतं. पण त्याच गॅरेजमध्ये रोज बर्फाने माखलेली गाडी येऊन उभी राहत असेल, तर ते पाणी वितळून हवेत जातं आणि थंडगार पोलादावर दव होऊन बसतं. गरम न केलेली, पण कोरडी शेड त्यापेक्षा चांगली. थंडीने पोलादाचं काही बिघडत नाही, ओल बिघडवते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेल्या हिचला आत घाम फुटतो, बाहेर पडायला वाट नसते, म्हणून कव्हर नको. जुनी चादर पुरते. सिमेंटच्या फरशीवर थेट न ठेवता लाकडी फळीवर ठेवतो. हेड एकट्याने उचलताना कंबर सांभाळा. मी फळीला खाली चाकं ठोकली तेव्हा कुठे हे काम सुसह्य झालं.

ट्रेलरच्या बाजूला फारसं काही करावं लागत नाही. कपलरच्या कुंडीतलं जुनं ग्रीस काढायचं, लॅचच्या (कपलर बंद करणाऱ्या खटक्याच्या) बिजागरीला थेंबभर तेल, सुरक्षा साखळ्या जमिनीपासून वर टांगायच्या. ट्रेलरच्या दिव्यांच्या तारेचा ७ पिनी प्लग तोंड खाली ठेवून लटकवायचा आणि पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा हलका हात द्यायचा. हिचला कुलूप असेल तर त्यात ग्रॅफाइटची पूड घाला, तेल नको. तेलात धूळ जमते आणि गारठ्यात चावी फिरत नाही.

मोसम सुरू होताना वेळ जातो तो बॉलच्या नटवर. १ इंची शँकच्या (इथे शँक म्हणजे बॉलच्या खालचा आट्यांचा दांडा) बॉलसाठी बरेच उत्पादक २५० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ३४० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळायचा जोर) सांगतात. हातभर पाना लावून अंदाजाने हे जमत नाही, लांब दांड्याचा टॉर्क रेंच हवा. आणि हे आकडे सहसा कोरड्या आट्यांसाठी असतात. हिवाळ्यात आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे अडकू न देणारा लेप) लावलं असेल, तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट खूप जास्त ताणला जातो. म्हणून आटे पुसून मगच आवळतो, नट आणि बॉल माउंटवर रंगाची सरळ रेघ ओढतो, आणि पहिल्या ओढणीनंतर ती रेघ सरकली का ते बघतो. लॅनोलिनचा थर बॉलवरून आणि शँकवरून फडक्याने काढतो. घर्षणाच्या पट्टीवर पावडरसारखा लालसर गंज आलेला दिसतोच, तो पॉलिश पेपरने उडतो. पहिले काही मैल बार कुरकुरतो, मग गप्प होतो.